पंखाखालची रिकामी जागा

आमच्या बाबांनी आयुष्यभर विमानांचे फोटो काढले, आणि त्या हजारो फोटोंत माणूस औषधालाही सापडत नाही. हा योगायोग नव्हे, ही त्यांची शिस्त. विमानासमोरून कुणी जात असेल तर बाबा कॅमेरा डोळ्याला लावून तसेच थांबायचे. एक गेला की दुसरा यायचा, दुसरा गेला की एखादं कुटुंब डबा उघडून तिथंच ठाण मांडायचं. बाबा घामाघूम व्हायचे, पण हलायचे नाहीत. फ्रेम स्वच्छ हवी, म्हणजे हवीच. विमानांच्या मागे लागलेल्या त्यांच्या सगळ्या जमातीचाच हा नेम होता. ही मंडळी एकमेकांना नावानं ओळखत नसत, पण कुणाची फ्रेम अडली तर पुढचा माणूस न सांगता खाली बसत असे. आई या सगळ्याला "ह्यांचं सोवळं" म्हणायची.

आईला जाऊन आता सहा वर्षं झाली. २०४१च्या फेब्रुवारीत पुरंदरच्या विमानतळावर मोठं विमान प्रदर्शन भरलं, तेव्हा मी बाबांना घेऊन गेले. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे. नाशिकच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांची हयात गेली, पण लहानपण ओझरला, विमान कारखान्याच्या वसाहतीत गेलेलं. डोक्यावरून मिग गेलं की ताटावरून उठून अंगणात पळणारा हा मुलगा पुढे काही सुधारला नाही. गळ्यात तोच जुना कॅमेरा, त्याला हातभर लेन्स, डोक्यावर टोपी. दारावरच्या मुलीनं कॅमेरा उलटसुलट करून पाहिला.

"आजोबा, हे चालतं अजून?"

"मी चालतोय ना? मग तोही चालतो," बाबा म्हणाले.

प्रदर्शन डोळे दिपवणारं होतं, त्यात वाद नाही. हायड्रोजनवर उडणारं मोठं प्रवासी विमान होतं, इमारतीच्या गच्चीवर उतरणाऱ्या हवाई रिक्षा होत्या, वैमानिक नसलेली मालवाहू विमानं होती. सगळं चकचकीत आणि सगळं मुकं. डोक्यावरून विमान गेलं तरी शेजारच्या माणसाचं बोलणं नीट ऐकू येत होतं.

"पूर्वी विमान दिसायच्या आधी छातीत कळायचं, गार्गी," बाबा म्हणाले. "आता आलं काय नि गेलं काय, घरात पंखा लावल्यासारखं. आणि वास? रॉकेलचा वास नाही तर ते विमान कसलं?"

"पृथ्वी वाचतेय ना बाबा त्यामुळे?"

"वाचू दे की. मी नको म्हटलंय का? मी फक्त वास नाही म्हटलं."

आजूबाजूचे लोक फोन वर धरून चालता चालता फोटो काढत होते. हल्लीचे फोन समोर आलेली माणसं आपोआप पुसून टाकतात, त्यामुळे कुणाला थांबावं लागत नाही. बाबांना याचा मनस्वी राग. थांबलोच नाही तर विमान पाहणार कधी, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सबंध मैदानावर माणसं बाजूला होण्याची वाट पाहत उभा असलेला एकच इसम होता, आणि त्याच्या शेजारी पाण्याची बाटली घेऊन मी. दुपारपर्यंत मी ते सहन केलं.

"चला बाबा, आता सावलीत. तुम्हाला एक गंमत दाखवायची आहे."

गंमत म्हणजे प्रदर्शनाच्या टोकाला उभारलेला एक भलामोठा, खिडक्या नसलेला मंडप. बाहेर पाटी होती, 'गतदिन'. दारात रेश्मा तांबोळी नावाची तिशीतली इंजिनिअर आमची वाट पाहत होती. तिच्याशी माझं आधी बोलणं झालं होतं.

"या काका! तुमच्याच फोटोंमुळे आमचं अर्धं काम झालंय," ती म्हणाली.

"माझे फोटो? हिच्याकडे कसे आले?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"घरातली जुनी डिस्क पाठवून दिली होती मी. अख्खीच्या अख्खी. विचारलं असतं तर तुम्ही आधी निवडायला बसला असता आणि पुढच्या प्रदर्शनापर्यंत निवडतच राहिला असता."

हे इतकं खरं होतं की बाबांनी नुसती टोपी सारखी केली.

हा सगळा प्रकार काय आहे ते रेश्मानं आम्हाला समजावलं. ते इथंच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. समजा, आपण गावाबाहेरच्या माळावर उभे आहोत. देवळाचा कळस पाण्याच्या टाकीच्या जरासा डावीकडे दिसतोय आणि शाळेचं छप्पर टाकीमागून अर्धं डोकावतंय. असं दृश्य त्या माळावरच्या एकाच जागेवरून दिसतं. म्हणजे दृश्य नीट पाहिलं तर पाहणारा कुठं उभा होता, तेही सांगता येतं. 'गतदिन'चं यंत्र हेच करतं, फक्त लाखो फोटोंसाठी एकदम. एका फोटोतल्या कडा, खुणा, अक्षरं ते दुसऱ्या फोटोंशी जुळवतं आणि दोन्ही गोष्टी शोधून काढतं: वस्तू कुठं होत्या, आणि कॅमेरे कुठं होते. सावल्यांवरून वेळ कळते. एखादी वस्तू पुष्कळ बाजूंनी टिपलेली असेल, तर जिथून कुणीच फोटो काढला नाही अशा जागी उभं राहूनसुद्धा ती जशी दिसली असती तशी दिसते. थोडक्यात, त्या दिवसात आत शिरून हिंडता येतं.

असा एखादा जुना दिवस उभा करायचा तर एकाच मैदानातले, एकाच दिवसाचे, बारकाईनं काढलेले भरपूर फोटो हवेत. लग्नांत तेवढे नसतात, जत्रेत सगळे हललेले असतात. विमानांच्या प्रदर्शनात मात्र बाबांसारखे शेकडो चिवट लोक दिवसभर तेच करत उभे असतात. म्हणून कंपनीनं पहिला दिवस निवडला तो २०१३च्या बंगळुरूच्या प्रदर्शनाचा, येलहंका तळावरचा.

त्या प्रदर्शनाला बाबा गेले होते. आणि आयुष्यात एकदाच, आई त्यांच्याबरोबर गेली होती. मी तेव्हा शाळेत होते, मला नाशिकला मावशीकडे ठेवलं होतं. दोघं मनमाडहून कर्नाटक एक्स्प्रेसनं गेली आणि तशीच परत आली. आई पुन्हा कधी कुठल्या प्रदर्शनाला गेली नाही.

"एक सांगून ठेवते," चष्मे देताना रेश्मा म्हणाली. "जिथं एकाही फोटोची नजर पोहोचली नाही, तिथं तुम्हाला नुसतं राखाडी दिसेल. आज तसंच आहे. उद्यापासून इथं लोकांना सोडणार, आणि लोकांना अशी भोकं आवडत नाहीत. म्हणून संध्याकाळी यंत्र अंदाजानं सगळं भरून टाकणार. जागा, कपडे, चेहरे. फक्त एखाद्या माणसाच्या घरच्यांनी नको म्हटलं, तर त्या माणसाला हात लावत नाही. पण ते आजच सांगायला हवं. एकदा भरलं की खरं कुठलं आणि अंदाज कुठला, ते आम्हालाही वेगळं करता येत नाही."

आम्ही आत गेलो. पायाखालची फरशी आपल्याबरोबर सरकत राहते, त्यामुळे कितीही चाललं तरी भिंत येत नाही. चष्मा डोळ्यांवर आला आणि समोर येलहंक्याचं ऊन पसरलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं, माझ्या शाळेच्या दिवसांतलं ऊन. लांबवर विमानांची रांग, मध्ये कंपन्यांचे झेंडे, दोरखंड, कागदी टोप्या.

बाबा अक्षरशः पळत सुटले. मी मागून "सावकाश, सावकाश" ओरडत होते. एका लढाऊ विमानाच्या पोटाखाली ते वाकले आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली. "गार्गी, इकडे ये! रिव्हेट बघ, रिव्हेट! रंग उडालाय तोसुद्धा दिसतोय गं!" त्यांनी स्पर्श करायला हात पुढे केला, तो अर्थातच हवेतून गेला. तरी त्यांचं हसू मावळलं नाही. तासभर ते एका विमानाकडून दुसऱ्याकडे जात होते आणि प्रत्येकाची हकिगत सांगत होते. आई असती तर म्हणाली असती, लग्नात पाहुणे भेटले तरी इतके खुलत नाहीत हे.

मला मात्र त्या गर्दीत कसंसंच व्हायला लागलं. विमानं शेपटापर्यंत खरी आणि माणसं अर्धीमुर्धी. कुणाला धड होतं पण डोकं राखाडी, कुणाचे नुसतेच पाय चालत होते. एक बाई कडेवर राखाडी गोळा घेऊन उभी होती, ते तिचं मूल असणार.

"तुमच्या लोकांची कृपा," रेश्मा हसून बाबांना म्हणाली. "विमानाचा एकूण एक स्क्रू दिलात, आणि माणूस दिसला की बटण दाबायचं थांबलात. जी काही माणसं मिळाली ती घरगुती फोनवाल्यांमुळे."

बाबा हसले नाहीत. त्यांनी एकदम विचारलं, "ते मोठं मालवाहू विमान कुठं आहे? चार इंजिनांचं. त्याच्या डाव्या पंखाखाली जायचंय मला."

तेव्हा मला कळलं, की इतका वेळ ते धीर गोळा करत होते.

वाटेत त्यांनी मला ते सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "त्या दिवशी ऊन फार होतं. मला कुंपणाशी जागा धरायची होती, कसरती सुरू होणार होत्या. मी तुझ्या आईला त्या पंखाच्या सावलीत बसवलं. म्हटलं, तू इथंच बस, मी आलोच. आणि आलो तो पार उन्हं कलल्यावर. ती तिथंच बसली होती. जिथं सोडली तिथंच, पिशवी मांडीवर घेऊन. काही बोलली नाही. गाडीतसुद्धा खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, कंटाळलीस का? तर म्हणे, नाही हो. पुढं शंभर वेळा विचारलं मी. दर वेळी तेच, नाही हो."

"मग नसेल कंटाळली, बाबा."

"मग परत का नाही आली कधी?" ते थांबले. "मला तिचा चेहरा बघायचाय, गार्गी. मी समोर नसतानाचा. एका माणसाला दिवसभर एका पंखाखाली बसवून ठेवलं मी. ती रागावली असेल तर रागावलेली दिसू दे. पण एकदा कळू दे."

मलाही तो चेहरा बघायचा होता, पण माझं कारण वेगळं होतं. आई त्या दिवशी बेचाळीस वर्षांची होती, आणि मी आज बेचाळीस वर्षांची आहे. माझ्या वयाची आई मला एकदा समोर हवी होती. डिस्क पाठवली ती त्यासाठीच, बाबांची गंमत हे निमित्त.

त्या विमानाचा पंख एखाद्या अंगणावर पत्रे घालावेत तसा पसरला होता. खाली दाट सावली. रेश्मानं दुपार लावली. आम्ही वाकून आत गेलो, आणि बाबा गोंधळून इकडेतिकडे पाहायला लागले. तिथं आई नव्हती. राखाडी गोळाही नव्हता. सिमेंटची स्वच्छ जमीन, चाकाला लावलेली अडण आणि अंथरलेलं एक वर्तमानपत्र.

"इथंच बसली होती ती. या चाकाशी."

"काका, ही जागा बऱ्याच फोटोंत आलीय," रेश्मा हवेत बोटं फिरवून काहीतरी तपासत होती. "अंदाज नाही हा. या वेळेला इथं खरंच कुणी नव्हतं."

तिनं वेळ मागे घेतली. सकाळच्या सावलीत वर्तमानपत्रावर बसलेली एक आकृती दिसली, जांभळ्या साडीचा काठ आणि वर सगळं राखाडी. जरा पुढे, आकृती गेली. तिथून वेळ सरकत राहिली, दुपार झाली, सावली फिरली, वर्तमानपत्र वाऱ्यानं उडून चाकाला अडकलं, तरी जागा रिकामीच. उन्हं कलायला लागली तेव्हा ती आकृती परत आली आणि चाकाशी बसली. पिशवी मांडीवर. आणि थोड्या वेळानं पलीकडून टोपीवाले बाबा आले, गळ्यात कॅमेरा, हात हलवत काहीतरी सांगत.

बाबांनी कमरेवर हात ठेवले. "मग दिवसभर गेली कुठं ही?"

मला डिस्क आठवली. बाबांच्या फोटोंचे शिस्तीत लावलेले कप्पे, आणि त्यांच्या शेवटी 'हेमांगी फोन' नावाचा एक कप्पा. आईचा फोन बिघडला तेव्हा मीच त्यातलं सगळं तिथं उतरवून ठेवलं होतं आणि नंतर कुणी उघडलं नव्हतं.

"रेश्मा, कॅमेरे कुठं होते ते कळतं म्हणालात ना? आईचा फोनही त्यात असेल."

रेश्मानं काहीतरी केलं आणि सगळ्या मैदानावर, माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर, बारीक पांढरे ठिपके उमटले. एकेक ठिपका म्हणजे एकेक फोटो जिथून काढला ती जागा. कुंपणाशी तर ठिपक्यांचं मोहोळच होतं, बाबांचे भाऊबंद. मग तिनं बाकीचे विझवले आणि एकाच फोनचे ठेवले. पंखाखालून निघून ते ठिपके गर्दीतून वळणं घेत दूर गेले होते. बाबांच्या खांद्याइतक्या उंचीवर. आई तेवढीच होती.

आम्ही त्या ठिपक्यांमागून चालू लागलो. प्रत्येक ठिपक्याशी उभं राहिलं की आईनं काय टिपलं ते समोर यायचं. पहिलाच फोटो एका लढाऊ विमानाच्या पोटाचा, पण खरं तर पोटाखाली तेल गळू नये म्हणून ठेवलेल्या पसरट पत्र्याच्या भांड्याचा. मला आईचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला: एवढं मोठं विमान आणि खाली परात! पुढच्या फोटोत गणवेशातले तीन वैमानिक कागदी ताटल्यांतून दहीभात खात होते. मग टाय घातलेला एक परदेशी विक्रेता आपल्याच स्टॉलवर तोंड उघडं टाकून झोपलेला. हेलिकॉप्टरच्या सावलीत झोपलेलं कुत्रं. हवाई दलाच्या एका बाईंची साडी, फक्त पदर. प्रत्येक फोटोत माणसं नाहीतर जनावरं, आणि विमान असलंच तर कडेला, अर्धं कापलेलं.

"फ्रेमची पार वाट लावलीय," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज हलका झाला होता. "किती भटकलीय बघ! मला वाटायचं..." पुढचं त्यांनी गिळलं. जरा पुढे गेल्यावर स्वतःशीच हसले. "आणि मी यायच्या आत परत येऊन बसली! शहाण्यासारखी!"

"सांगितलं का नाही तुम्हाला?"

"मी बोलू दिलं असेल तर ना. मनमाड येईपर्यंत मी तिला सुखोई सांगत होतो." ते थांबले. "नंतरसुद्धा, कंटाळलीस का हेच विचारत राहिलो. परत येतेस का, हे नाही कधी विचारलं. तुझी दहावी आली, मग आजीचं आजारपण. मी गृहीतच धरलं."

ठिपके एका छोट्या विमानापाशी गेले होते. शिकाऊ वैमानिकांचं दोन खुर्च्यांचं विमान, आणि प्रदर्शनात लोकांना त्यात बसू देत होते. शिडीपुढे शाळेच्या मुलांची रांग होती. एका वडिलांनी आपल्या मुलाचा फोटो काढला होता, त्याच्या कोपऱ्यात शिडीच्या वरच्या पायरीवर एक पाऊल आलं होतं. अंगठ्याशी शिवलेली चप्पल आणि जांभळा काठ. बेचाळीस वर्षांची माझी आई, पोरांच्या रांगेत उभी राहून, साडी सावरत विमानात चढली होती.

खुर्चीत तिचे तीन फोटो होते. पहिला तिनं स्वतःचा काढायचा प्रयत्न केलेला. त्या फोनला समोरून डोळाच नव्हता, त्यामुळे फोन उलटा धरून अंदाजानं बटण दाबलेलं. आलं काय, तर एक कान, कानातलं आणि भरपूर आभाळ. दुसऱ्यात समोरची धावपट्टी, दोरखंड, कुंपणाशी उभी असलेली बाबांची पलटण, सगळ्यांच्या पाठी. बरोबर मध्ये बाबांची टोपी. तिसऱ्यात तेच दृश्य, पण खालून एक हात वर आलेला. डावा हात, बोटं पसरलेली, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवलेलं. आई घड्याळ नेहमी तसंच बांधायची. ती बाबांना हात करत होती. बाबांनी वळून पाहिलं नव्हतं.

बाबांनी चष्म्याखालून बोट घालून डोळे पुसले.

रेश्मा हळू आवाजात म्हणाली, "काका, संध्याकाळी यंत्र ही जागा भरायला घेईल. पाऊल, हात, कान खरे मिळालेत. चेहरा तुमच्या डिस्कमधल्या फोटोंवरून येईल. छान होईल अगदी."

"कसा असेल चेहरा?"

"हसरा. तुमच्याकडे त्यांचे सगळे फोटो हसरेच आहेत."

"ते लग्नाकार्यातले. फोटोग्राफर हसा म्हणतो म्हणून हसलेली आहे त्यात ती." बाबा माझ्याकडे वळले. "नको, गार्गी."

मला रडू आलं. रागही आला. "बाबा, तुमचं ठीक आहे. तुम्ही तिला बेचाळिसाव्या वर्षी रोज बघत होतात. मी चौदा वर्षांची होते, मी आईकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. मला तिला बघायचंय. अगदी तसाच नसेल चेहरा, पण जवळजवळ तसा तर असेल?"

रेश्मानं इकडेतिकडे पाहिलं, आणि कंपनीच्या माणसानं बोलू नये असं काहीतरी ती बोलली. "ताई, चाचणीच्या वेळी एका काकूंनी त्यांच्या भावाचा भरलेला चेहरा पाहिला होता. खूप खूश झाल्या. आठवड्यानं त्यांचा फोन आला, की आता मला तोच आठवतो, आधीचा येतच नाही डोळ्यांपुढे. मी तुम्हाला भरा किंवा नका भरू, काहीच म्हणत नाही. फक्त सांगितलं."

बाबा म्हणाले, "मला माझ्या जागेवर ने. कुंपणाशी. आणि वेळ हीच ठेव, हात वर केलाय तीच."

आम्ही मैदान ओलांडून कुंपणाशी गेलो. तिथं पंचेचाळीस वर्षांचे बाबा उभे होते. पाठ अगदी खरी, शर्टाची चौकडी, टोपीची मागची बाजू, सगळं आईच्या फोटोतून आलेलं. समोरून मात्र राखाडी, कारण त्यांच्याकडे कुणीच कॅमेरा वळवला नव्हता. माझे म्हातारे बाबा त्या आकृतीत शिरून उभे राहिले. आभाळात चार विमानं धुराच्या रेघा काढत स्तब्ध थांबली होती. बाबांनी एकदा वर पाहिलं, त्यांच्यानं राहवलं नसावं. मग ते पूर्ण वळले आणि विमानांकडे पाठ करून उभे राहिले.

मीही त्यांच्या शेजारी वळून पाहिलं. दूर ते छोटं विमान होतं. त्याच्या खुर्चीत राखाडी, आणि राखाडीतून वर आलेला एक हात. एवढ्या लांबून घड्याळसुद्धा दिसत नव्हतं. तरी मला क्षणभरही शंका आली नाही. आपण शाळेच्या फाटकातून बाहेर येताना गर्दीत लांबवर हात दिसतो आणि चेहरा दिसायच्या आधीच कळतं की ही आपली आई, तसं झालं. मला त्या हातावर दुसऱ्या कुठल्या लग्नातलं हसू लावायला नको वाटलं.

बाबांनी हात वर केला. आधी खांद्यापर्यंतच, लोक बघतील अशा संकोचानं. मग पूर्ण वर, आणि जोरजोरानं हलवायला लागले.

"हेमा!" त्यांनी मैदानापलीकडे ऐकू जाईल अशी हाक मारली. "दिसलीस गं! दिसलीस!"

मी रेश्माला सांगितलं, "ही जागा भरू नका." तिनं मान हलवली. बाबांचा हात अजून वरच होता.